कुणाच्या गावी

दर ऑक्टोबरात चौथ्या वर्षाची मुलं येतात.
मी प्रत्येकाच्या हातात एक कोरा कागद ठेवते:
लिहा, आम्ही इथे काय करतो.
नाव घालू नका.

'फोटो काढता.'
'अंधारात बसून दुसऱ्यांच्या छात्या वाचता.'
'रक्तवाहिनीत नळी घालता? पण ते तर हृदयवाले ना?'
एकानं नुसता कॉफीचा कप काढला होता.
तो मी फ्रिजवर चिकटवलाय,
अगदीच खोटं नाही ते.

अख्ख्या अभ्यासक्रमात आमच्या वाट्याला चाळीस मिनिटं,
तीही शुक्रवारी दुपारी,
ट्रोम्सोच्या डोंगरावर पहिला बर्फ धरल्यावर.
वर्गात स्कीच्या मेणाचा वास आधी येतो,
मुलं मागून, निम्मी.

सर्जनकडे टाके असतात दाखवायला.
आमच्याकडे मांडीच्या सांध्यात एक टोचा,
वर तिकिटाएवढी पट्टी.
बरा झालेला माणूस आभार मानायला
वरच्या मजल्यावर जातो.
आम्ही कुणाच्या गावीही नसतो.

आन्ते आला तो चुकून.
नोव्हेंबर सरत आलेला, सूर्य जाऊन चार दिवस झालेले,
आणि तो एका हातमोज्याच्या शोधात
नको त्या दारातून आत.
मी म्हटलं, आलाच आहेस तर तो शिशाचा एप्रन चढव
आणि कशाला हात लावू नकोस.

टेबलावर सोल्वेई. बाळंत होऊन तीन तास,
रक्त थांबत नव्हतं.
वर गर्भाशय काढायची तयारी,
हत्यारं मांडलेली, फोनवर फोन.
मी तार सरकवत होते,
श्वास धरून, मिलीमीटर मिलीमीटर.
रंगद्रव्य सोडलं आणि पडद्यावर
काळ्या फांद्या उमलत गेल्या.
मागून आवाज आला,
'विमानातून आमची ताना नदी अशीच दिसते.'
मी म्हटलं, मग बघ, ती कुठे फुटलीय.
तो बघत राहिला. एका टोकाशी
शाई टिपकागदावर पसरावी तसा डाग,
दर ठोक्याला थोडा मोठा.

जिलेटिनचे कण. आधी थोडे. मग आणखी थोडे.
डाग आला नाही.
पुन्हा पाहिलं. नाही आला.

'ऑपरेशन कधी सुरू होणार?' आन्तेनं विचारलं.
नर्स हसली. मी मास्क काढला.
त्यानं टेबलाकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं,
मग जरा रागानंच म्हणाला,
'सहा वर्षं मी या दारावरून जेवायला जातोय.'

इथे गोष्ट संपवली असती तर
तो आज माझ्या शेजारी तार धरून उभा असता.
तसं काही झालं नाही.
त्याला माणसांशी बोलायला आवडायचं, जागी असलेल्या.
तो दूर पूर्वेला गेला, बोट्सफ्योर्डला,
मासेमारांचा डॉक्टर झाला.
हातमोजा अजून आमच्याकडेच आहे.

परवा पहाटे तीनला फोन.
पलीकडे वारा इतका, की आधी नावच कळेना.
एक म्हातारा कोळी, खोकल्यातून वाटीभर रक्त,
जुनं फुप्फुस, नवा झरा.
'विमान निघालंय,' आन्ते म्हणाला.
'डावीकडून येतंय बहुतेक.
बुजवता येईल ना?'

मी बूट शोधत होते. अंधारात एकच सापडला.
म्हटलं, पाठव.
दिवा लावला, दुसरा बूट घातला,
आणि जिन्यावर मनाशी मोजलं:
एक गाव.