साबणाचं पाणी

वाशीत, सिग्नलपलीकडे, कपड्यांचं तीनमजली दुकान होतं.
भाडं झेपेना म्हणून
साथीच्या वर्षभर आधीच शटर पडलेलं.
एप्रिलातल्या एका रात्री आमच्या हातात चावी आली
आणि एक आकडा : अकरा दिवस.

मी एसीवाला.
तांब्याची नळी वाकवतो, तापवतो, जोडतो.
वीस वर्षं तिच्यातून गारवा फिरवला,
ट्रायल रूममध्ये कुणाला घाम येऊ नये म्हणून.
खरपाटे मॅडमनी फरशीवर नकाशा पसरला,
चार कोपऱ्यांवर चार हेल्मेटं ठेवली, म्हणाल्या,
आता हिच्यातून श्वास जाणार.
मग स्वतःच ओशाळल्या.
म्हणजे ऑक्सिजन. चार बार. खाटेगणिक एक पॉइंट.

तेलाचा थेंब चालत नाही ऑक्सिजनला, भडका उडतो.
सिराज खोबरेल चोपडून आला होता,
त्याला बाहेरच्या नळावर डोकं धुवायला लावलं,
तेही भांड्याच्या साबणानं.
त्या अकरा दिवसांत हसलो असू
तर तेव्हाच.

पाट्या उतरवायला वेळ कुणाला होता?
'महिला विभाग'मध्ये पुरुष निजले.
'फक्त मालासाठी' लिहिलेल्या लिफ्टमधून
माणसं वर गेली.
काचेवर लाल अक्षरांत 'स्टॉक असेपर्यंत' –
ते मात्र एका सिस्टरनं
पहिल्याच पाळीत नखांनी खरवडून काढलं.
'असे' तेवढं राहिलं.

जोड झाला की नायट्रोजन भरायचा, दाब धरायचा,
आणि ब्रशनं साबणाचं पाणी लावून
बॅटरीच्या उजेडात बघत बसायचं.
लहानपणी पपईच्या देठातून फुगे सोडायचो,
मोठ्यात मोठा यावा म्हणून गाल दुखेपर्यंत फुंकायचो.
इथे शिडीवर मान मोडून बसलेलो,
एकही येऊ नये म्हणून.

दहाव्या रात्री एक आला.
चौऱ्याण्णव नंबरला, 'लहान मुले' पाटीच्या मागे,
मोहरीएवढा.
फुगला, फुटला, परत फुगला.
पुन्हा कापलं, पुन्हा तापवलं.
पहाटे तीनला बुडबुडा थांबला तेव्हा
सिराज शिडीच्या पायाशी घोरत होता.

पुढे एकदा पॉइंट दुरुस्तीला आत जावं लागलं.
ट्रायल रूममध्ये तो पांढरा सूट चढवला.
भिंतीवर अजून होतं : एका वेळी तीनच कपडे.
चौऱ्याण्णववर पाष्टे नावाचे गृहस्थ,
मार्केटात कांद्याच्या गोणी वाहून वाहून
खांदा एका बाजूला उतरलेला.
मास्कमधून काहीतरी म्हणाले. वाकलो.
"एसी कमी कर रे जरा. हाडं गोठली."

मी कोण ते त्यांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.
मी एसी कमी केला.

पुढच्या खेपेला त्या खाटेवर दुसरं कुणी होतं.
घरी गेले, की –
सिस्टर समोरच उभी होती.
दोन शब्दांचं काम होतं.
विचारलं नाही.

आता तिथे बुटांचं दुकान आहे.
परवा सर्व्हिसिंगला गेलो, छताची टाइल सरकवली
तर नळी तशीच, धुळीनं काळवंडलेली,
वर माझ्याच मार्करनं लिहिलेलं : ९४.
ठेकेदार त्या कामाचा शेवटचा हप्ता अजून देतोय.

खालून मॅनेजर म्हणाला, भंगारात घाला की,
तांब्याला भाव आहे.

ब्रश हातात होता. कॉइल धुवायचं साबणाचं पाणी होतं.
जोडावर फिरवला.
बघत राहिलो थोडा वेळ.
काही आलं नाही, यायचं कुठून?

टाइल बसवली, खाली उतरलो.
म्हटलं, साहेब, ती काढायची तर
अख्खं छत उतरवावं लागेल,
दुकान दोन दिवस बंद.

खोटं होतं. तासाभराचं काम.

मग राहू दे, म्हणाला.