नाव

मॉन्ट्रोजच्या त्या खोलीत हीटर होता, खिडकी नव्हती.
आल्डोना नावाची मुलगी, पोलंडहून आलेली,
आमच्या आयुष्याला रकाने पाडत होती.
भाडं. वीज. डिझेल. केस कापणे?
शून्य, मी म्हटलं, त्याचे मीच कापते.
भेटवस्तू?
शून्य.
बारा पौंड, वॉटी म्हणाला. वर्षाला.
मी त्याच्याकडे बघितलं. तो हीटरकडे बघत होता.
फुलांचं चक्र, तो म्हणाला. सप्टेंबरात. डेव्हीसाठी.
तिने बाराला बारांनी भागलं
आणि एक पौंड लिहिला, काहीच न विचारता.

मग दोन कागद, शेजारी शेजारी.

पहिल्यात सगळं फेडायचं.
व्याज थांबेल, फोन थांबतील,
नाव राहील, नावही राहील.
अडतीस हजार दोनशे ऐंशी,
महिन्याला दोनशे नव्वद,
एकशे बत्तीस महिने.

दुसऱ्यात हात वर करायचे.
नादारी. सरकारी यादीत वॉल्टर लीपर, पत्त्यासकट,
कुणीही वाचावं.
नाव विकली जाईल.
चार वर्षं, परवडेल तेवढंच भरायचं, मग मोकळे.

कोणता, ते मी सांगू शकत नाही, ती म्हणाली,
इतक्या हळू
की तिला कोणता वाटतो ते मला कळलं.

बसमध्ये मी हिशेब शेवंडींत केला.
एका हप्त्याला चोवीस, डिझेल सोडून,
आणि जानेवारीत चोवीस कुठून आणायच्या?
वॉटी एकसष्ट. उजवा खांदा
पिंजरा ओढताना वाजतो,
पावसाने फुगलेलं दार ढकलावं तसा.
शेवटचा हप्ता त्याच खांद्याने ओढायचा,
बहात्तराव्या वर्षी.

त्याची आई म्हणायची, लीपर कुणाचं बुडवत नाहीत.
बुडतात, एवढं म्हणत नसे.

तीन आठवडे कागद पावाच्या डब्याखाली.
पाव काढताना दोघंही डबा उचलायचो नाही, फक्त झाकण.
एकदा मी रागाने म्हटलं, तुला इंजिन नवंच हवं होतं!
तो म्हणाला, हो.
पुढे भांडायला काही उरलंच नाही.

मग एका मंगळवारी सात शेवंडी घेऊन आला,
ओले बूट तसेच, स्वयंपाकघरात.
आणखी अकरा वर्षं, तो म्हणाला,
मी बँकेच्या वतीने समुद्रावर जायचं?
मी म्हटलं, नको जाऊ.
एवढंच. पेन सापडेना,
डोळ्यांवर लावायच्या पेन्सिलने सही केली असती मी
त्याच्या जागी, चालली असती तर.

पर्थहून माणूस आला, सभ्य, बुटांना प्लॅस्टिक बांधून.
पिंजरे एकशे चाळीस. विंच. इंजिन.
आणि ही फळी? वॉटीने विचारलं.
पाटीवर पांढऱ्या अक्षरांत त्याची आई: जेसी ॲन.
माणसाने चष्मा वर केला, बराच वेळ बघितलं,
आणि लिहिलं, शून्य.
आयुष्यात पहिल्यांदा शून्य वाचून
मला रडू आलं.

चार स्क्रू. चौथा गंजलेला, तो निघायला दुपार गेली.

पाटी आता न्हाणीघराच्या दारामागे आहे.
बैठकीत लावली होती, थडग्यासारखी दिसायला लागली.
वॉटी आर्ब्रोथला दुसऱ्यांची मासळी तोलतो.
धक्क्यावर काहीजण हात करतात, काहीजण करत नाहीत.
नाव गेली.
नाव गेलं का, ते दुकानातल्या मॉराग बाईंना विचारा,
त्यांनी यादी वाचली आहे.

सप्टेंबरात तो चक्र घेऊन निघाला.
पूर्वी आठ मैल आत जायचा, मला वाटायचं पिंजऱ्यांना.
या वेळी भिंतीच्या टोकावरून टाकलं.
भरती होती. परत आलं,
पायरीशी, जरा चुरगळून.
त्याने ते काठीने ओढून घेतलं, झटकलं,
आणि ओहोटी लागेपर्यंत
हातात धरून उभा राहिला.