हातचा एक

गाडी तयार आहे, फक्त मधोमध एक भोक आहे.
मागचा धुरा आला, गिअरबॉक्स आला, टाकी बसली,
पिंजरा भावोजींनी वेल्ड केला, दोनदा,
कारण पहिल्यांदा माझं डोकं वर टेकत होतं.
बॉनेट उघडलं की थेट गॅरेजची फरशी दिसते
आणि फरशीवर मांजर.

आठशे घोडे हवेत म्हटलं की
नोर्शोची माणसं माझ्या ट्रककडे बघतात :
साठ टन ओंडके रोज ओढतेस,
आणखी कशाला?
ट्रक ओढतो. ओढणं वेगळं.
मला जायचंय,
फेल्फोर्शच्या जुन्या लष्करी धावपट्टीवर,
चारशे मीटर, नऊ सेकंदांच्या आत,
आणि सोमवारी परत ओंडके.

योतेबोरीचा कास्पर फोनवर गोड बोलतो.
त्याच्या दुकानाचे फोटो इतके पांढरे
की इथे इंजिनं उघडतात की दाढा काढतात कळू नये.
आठशे कशाला, हजार देतो, म्हणाला,
बारा आठवडे, निम्मे पैसे आधी.
मी विचारलं, गेल्या वर्षी किती फुटली?
थोडी शांतता. मग तो हसला,
आमची फुटत नाहीत.
तीन हिवाळे जादा पाळ्या करून जमवलेत मी.
त्या हसण्यापुरते नव्हते.

पेट्रोल पंपावर कॉफीला थांबलं
की प्रत्येकाचा एक खात्रीचा माणूस असतो.
कुणाचा रागीट, कुणाचा वारलेला,
कुणाचा पिस्टन पोस्टाने पाठवून फोन न उचलणारा.
कॉफी गार होईतो
सगळ्यांचीच इंजिनं एकदा तरी फुटलेली निघाली.

हेल्गे बूरस्त्रोम यॉर्नच्या पुढे राहतो,
मोठा रस्ता सोडून सात किलोमीटर बर्फ.
पाटी नाही. शेडमध्ये लाकडाची शेगडी,
आणि खिडकीवरच्या फळीवर मेलेले पिस्टन :
एकाला आरपार छिद्र, एक कडेने वितळलेला, मेणासारखा.
प्रत्येकाच्या गळ्यात चिठ्ठी. गाडी, तारीख, कारण.
तो कॉफी ठेवत होता तोवर वाचत गेले.
तेल कमी. इंधन पातळ. मालकाची घाई.
माझी चूक.
दोन सोडून पुन्हा, माझी चूक.

त्याने घोडे विचारलेच नाहीत.
विचारलं, इंजिन तापू देतेस
की चावी फिरवली की निघतेस?
मी खरं सांगितलं.
हं, म्हणाला, आणि लिहून घेतलं.

ब्लॉक उचलून टेबलावर ठेवला, मी गेज मागितला,
तर म्हणाला, आज नाही.
बाहेरून आलंय. गार लोखंड खोटं बोलतं.
रात्रभर आत निजू दे, उद्या ये.

उद्या आले.
त्याने चारही सिलिंडर मोजले, पेन्सिलीने वहीत आकडे.
हात कापत होता. मी बघितलं,
आणि मी बघितलं हे त्यानेही.
चौऱ्याहत्तर वर्षांचा हात.
गेज माझ्यापुढे सरकवला : आता तू. वहीत बघायचं नाही.

पहिला जुळला. दुसरा जुळला.
तिसऱ्यात त्याचे चार, माझे पाच.
एक शतांश मिलिमीटर, केसाचा सातवा भाग.
हातचा एक.

मी म्हणणारच होते, माझंच चुकलं असेल.
तो खिशात दुसरा चष्मा शोधत होता.
पुन्हा मोजलं, मग गेज आडवा फिरवून पुन्हा,
शेगडीत एक ढलपी टाकली,
पुन्हा.
मग स्वतःच्या आकड्यावर एकच रेघ मारली,
चुकीचा चार खालून वाचता येईल अशी,
शेजारी पाच लिहिला
आणि पाचापुढे माझं नाव, यिल्वा, वर्तुळात.

परतताना पिकअप मागून हलका झालेला,
बर्फावर शेपूट टाकत होता.
अर्ध्या रस्त्यात आठवलं,
किती दिवस लागतील विचारलंच नाही,
पैसे किती, तेही नाही.
घरी येऊन उगाच बॉनेट उघडलं.
मांजराने वर पाहिलं, आणि जागा सोडली नाही.