लिफ्टचा उंबरा

बावीस वर्षं स्ट्रेचर ढकलतोय मी,
अपघात विभागापासून तिसऱ्या मजल्यावरच्या थिएटरपर्यंत.
भवानी पेठेतल्या या दवाखान्याची फरशी
मला तळपायांनी पाठ आहे:
एक्स-रेसमोरची एक फुटकी,
रक्तपेढीच्या वळणावरचा उतार,
आणि लिफ्टच्या तोंडाशी उंबरा.
तो दीड बोटाचा आहे
हे मला गेल्या श्रावणात कळलं.

अपेंडिक्स फुटलं, माझंच,
आणि माझ्याच स्ट्रेचरवर मला आडवं केलं.
ढकलायला सुमेध, हडपसरचा नवीन पोरगा,
एका कानात गाणी.
तेव्हा पहिल्यांदा दिसलं छत.
ट्यूबलाइट, ट्यूबलाइट, ओल,
एक पंखा नुसताच लटकलेला,
पुन्हा ट्यूबलाइट, डोळे मिचकावणारी,
आणि कडेकडेनं माणसांच्या हनुवट्या.
खालून कुणाचंच तोंड सरळ दिसत नाही.
कुठं चाललोय, कुणी सांगेना.
रस्ता पाठ असून घाबरलो.
मग उंबरा आला.
पोटातली कळ थेट टाळूत गेली,
आणि त्या एका धक्क्यात
बावीस वर्षांचे पेशंट
माझ्या अंगावरून गेले.

तेव्हापासून बोलतो.
"आजी, आता डावीकडं वळतोय.
इथं जरा गार लागेल, एसीचा झोत आहे.
आता लिफ्ट. धक्का बसेल, एकच.
हात धरा माझा."
यात डॉक्टरकी काही नाही.
तांबोळी चाची म्हणाल्या,
"बेटा, पीएमटीला कंडक्टर होतास काय रे?
पुढचा स्टॉप सांग."
म्हटलं, "स्वारगेट नाही चाची, सोनोग्राफी."
भूल देणाऱ्या मॅडम दारातच थबकल्या:
या हसत कशा आल्या?

उंबरा घासून द्या म्हणून अर्ज दिलाय, तिसरा.
पाहू म्हणालेत.

त्याऐवजी काउंटरपाशी एक टॅब लागला.
पाच पिवळे चेहरे, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत.
आमची सेवा कशी वाटली, एकावर बोट ठेवा.
भोरकडचे दगडू शेडगे
बोट हवेत धरून कितीतरी वेळ उभे.
"यातला घाबरलेला कुठला?"
काउंटरवरच्या मुलीनं शोधला. नव्हता.
मग त्यांनी हसऱ्यावर बोट टेकवलं,
तिला वाईट वाटू नये म्हणून.

आणि एक सांगायचं राहिलं.
मंगळवारी पहाटे, लहान मुलांच्या आयसीयूतून
एक फार हलकं स्ट्रेचर मी खाली नेलं.
त्या वेळी काही बोललो नाही.
नाही, खोटं कशाला.
उंबऱ्यापाशी बोललो, सवयीनं.
"धक्का बसेल, बाळा."

वर आलो तर लिसी सिस्टर
चादरींच्या खोलीत, दार लोटून.
अकरा वर्षं मराठी बोलते बाई,
आमच्यापेक्षा शुद्ध,
रडत होती मात्र तिच्या गावच्या भाषेत.
बाहेर बेड चारची घंटा वाजत होती,
ती दुसऱ्या सिस्टरनी घेतली.
रजिस्टर तसंच उघडं.
मी रिकामं स्ट्रेचर दाराला आडवं लावलं
आणि उभा राहिलो.

सुपरवायझर आले.
"काय रे, इथं का?"
"चाक अडकलंय साहेब. पाच मिनिटं."
त्यांनी चाकाकडं पाहिलं,
मग दाराकडं.
मग पँट वर ओढून उकिडवे बसले,
आणि ते बरं असलेलं चाक
बराच वेळ
फिरवत राहिले.