समासातली नोंद

वारणेचं पाणी उतरलं तेव्हा
दुधगावच्या घाटाला एक ओंडका अडकून राहिला होता,
अंगभर गाळ, फांदीच्या बेचक्यात लहान मुलाची चप्पल.
लांबी पंधरा फूट. घेर टेपनं घेतला, साडेपाच.
सवयच आहे. मोजल्याशिवाय मला काही दिसत नाही.

मगदूम ठेकेदार म्हणाला,
"मॅडम, देवानंच धाडलं बघा.
पूरनिवाऱ्याच्या आठ चौकटी ह्यातच निघत्यात.
बिलात सागवान दावू.
फरक दोघांचा."
शेवटचे दोन शब्द तो नदीकडं बघत बोलला.

दस्तगीर मिस्त्री उकिडवा बसला.
नखानं खरवडलं तशी साल पापुद्र्यानं सुटली,
पेरूच्या खोडासारखी, पांढुरकी.
"नाणा हाय," म्हणाला.
ठेकेदाराला नाणं ऐकू आलं.

मिस्त्री मग बुंध्याकडं सरकला,
पंज्यानं चिखल पुसला
आणि बराच वेळ गप्प राहिला.
"पुरानं उपटलेल्या झाडाला मुळं असत्यात, मॅडम.
दरडीसंगं येतं ते जटा सोडून येतं.
ह्ये सपाट हाय.
साखळीची करवत, दोन्ही अंगानं.
मधी चार बोटं फाटलंय, तितकंच ते आपल्या मनानं पडलं.
नदी काय, टेम्पोवाली."

हातोड्याचा ठसा नव्हता. नंबर नव्हता.
मी कडेपासून आत वर्षं मोजत गेले,
अठ्ठ्याऐंशीपाशी रेषा गाळात बुडाल्या.
वरच्या कुठल्यातरी उतारावर
हे उभं होतं तोवर
पावसाला खाली यायला वेळ लागत असणार.
आणि आम्ही इथं खाली
त्याच पाण्यापासून निवारा बांधत होतो,
त्याच्याच चौकटीत बसून.

फॉरेस्टचा गार्ड आला, मोटरसायकल वर ठेवून.
पंचनाम्यात लिहिलं: बेवारस.
तांबड्या रंगात आकडा टाकला,
चहा घेतला, गेला.

सव्वीस जानेवारीला उद्‌घाटन ठरलेलं.
दारांविना झालं.
चौकटींच्या जागी मंडपवाल्याचे जांभळे मखमली पडदे,
एका पाहुण्यांची टोपी झालरीत अडकली,
गाव पोट धरून हसलं.
माझ्या बदलीचं बोलणंही त्याच दिवशी निघालं म्हणे.

लाकूड मिळालं ते अक्काताई चौगुलेंच्या बांधावर.
शिवण. दोन झाडं.
"मोटर बसवली त्या साली लावल्याली.
मोटर तीनदा जळाली. ही हायती."
सातबाऱ्यावर झाडांची नोंद होती,
तरी परवानगीला चार महिने.
विकताना बाईंनी भाव केला नाही, अट घातली:
खड्डे आधी, करवत मागनं.
मिस्त्रीनं पोराला कुदळ दिली. सहा खड्डे.
मी तेही मोजले. दीड बाय दीड बाय दीड.

फळ्या चिरून सावलीत रचल्या, मधे पट्ट्या घालून.
मगदूम रोज फोन करायचा.
मिस्त्रीचं एकच:
"आत्ता घाई केली तर श्रावणात दार रुसतंय."

दारं बसली. मापात बसली.
बिलाच्या नमुन्यात
लाकडाची जात होती, घनफूट होते, दर होता.
कुठून आलं, याला रकाना नव्हता.
मी समासात लिहिलं, बारीक अक्षरात:
शिवण, अक्काताई चौगुले यांचा उत्तरेकडचा बांध,
वय एकोणतीस, बदली सहा रोपं, पाच जगली.

अकाउंट सेक्शननं भोवती तांबडा गोल काढला.
शेजारी प्रश्नचिन्ह.
फाइल अजून माझ्या टेबलावर आहे.

ओंडका घाटावरच होता.
बायका त्यावर धुणं ठेवायच्या,
आकडा फिका पडत चाललेला.
यंदा पाणी चढलं त्या रात्री आम्ही सगळे निवाऱ्यात,
दार आतून लावलेलं, एकशे बारा माणसं, तीन शेळ्या.
सकाळी मिस्त्री आधी बाहेर गेला
आणि येऊन माझ्या कानात म्हणाला,
"गेलं ते. पुढच्या गावाला कुणीतरी
आत्ता टेप लावत असंल."