चकमक

पस्तीस वर्षं नंदुरबार डेपोत
मी ब्रेक बांधले.
लायनर घासला की गाडी कशी कण्हते
हे मला झोपेतही कळायचं.
आणि निवृत्त झाल्यावर, फंडाच्या पैशातून,
सारंगखेड्याच्या बाजारातून मी आणली
ही,
जिला ब्रेकच नाहीत.

विकणारा गिरासे म्हणाला होता,
'मेस्तरी, घोडी नही ही, वारा शे वारा.'
मला वाटलं, भाव चढवतोय.
खरं तेवढंच बोलला तो;
वय मात्र दोन वर्षांनी चोरलं.
दात बघून डॉक्टर मुस्तफा खूप वेळ हसले.

नाव ठेवलं चकमक.
कानांची टोकं एकमेकांना टेकतात तिची,
डोक्यावर सतत कसली तरी कुजबुज चालू असल्यासारखी.
घरची म्हणते, तुमच्याबद्दलच असणार.

दर रविवारी पहाटे साडेपाचला
आमचं अश्वमंडळ जमतं, गुरांच्या दवाखान्यामागे.
नऊ घोडी, एक खेचर.
खेचर दिलवर वळवींचं;
त्याला सभासद करावं की नाही
यावर दोन बैठका झाल्या, दोन्ही चहासकट.
वर्गणी दोनशे. उशीर झाला तर पन्नास वेगळे.
हेतल हजेरी घेते, आधी घोड्यांची, मग माणसांची.
नाव पुकारलं की चकमक पुढच्या पायानं जमीन खरडते,
आणि हेतल वहीत लिहिते:
'हजर. रागात.'

शिवरात्रीच्या आदल्या रविवारी स्पर्धा होती.
तीन पिंपांभोवती तीन वळसे.
पहिला तिनं घातला इतका देखणा
की पोरांनी शिट्ट्या मारल्या.
दुसऱ्या पिंपाला हुंगलं
आणि सरळ मैदान सोडून
रसवंतीपाशी जाऊन उभी राहिली.
मी वर. हातात लगाम, तोंडावर कसलंसं हसू.
रसवाल्यानं विचारलं, 'किती ग्लास?'

पण सांगायचंय ते त्याआधीचं, पौषातलं.

ठाणेपाड्याच्या वाटेला निघालो होतो.
थंडी अशी की लगामाचं चामडं लाकूड झालेलं.
शहर संपतं तिथं
मिरचीच्या पथाऱ्या सुरू होतात,
एकरच्या एकर लाल,
कडेला बाया देठ खुडत बसलेल्या, नाकातोंडाला पदर.
पुढचे आठ जण शिंकत शिंकत
लांबच्या वळणानं गेले.
चकमक थांबली.
पहिल्यांदाच, मी न सांगता, थांबली.
लाल जमीन तिनं कधी पाहिली नसावी.
माझ्या मांड्यांखाली तिची कातडी थरथरत होती
जुनी गाडी घाटात दुसऱ्या गिअरला थरथरते तशी.
मी सवयीनं लगाम खेचला.
हात पस्तीस वर्षांचा.
ती मागे सरली, मागेच सरली,
पुढचे दोन्ही पाय उचलून उभी,
आणि पाठीमागून, खेचरावरून, वळवी ओरडले,
'अरे भो, सोड ना! तिले बी देखू दे!'

सोडला.
पाना हातातून निसटून
खड्ड्यात पडतो ना, खणकन,
तसं काहीतरी आत वाजलं.

तिनं मान खाली घातली. हुंगलं.
अशी शिंकली की पथारीची कडच उडाली,
आणि एक म्हातारी पदराआडून म्हणाली,
'आमनं ते रोजनं शे, माय.'

मग ती धावली.
दोन पथाऱ्यांमधल्या वीतभर वाटेनं,
दोन्हीकडे लाल, वर नुसतं धुकं,
आणि एकही मिरची न तुडवता.
मी काहीही केलं नाही.
हे इथं लिहून ठेवतो,
कारण मंडळात वेगळं सांगितलंय.

कुठं थांबायचं ते तिला ठाऊक होतं:
नाल्याच्या अलीकडं, बोरीखाली,
जिथं ऊन सगळ्यात आधी पोचतं.
बाकीचे पोचेपर्यंत
आम्ही दोघं बोरं खात होतो.

रात्री वैरण टाकायला गेलो
तर आयाळीतून मिरचीच्या तीन बिया निघाल्या.
ती माझा तळवा हुंगत राहिली;
ग्रीस अजून आहे तिथं, रेषांमध्ये,
कितीही साबण लावा.
शिंकली.
मग मी.
मग घरातून आवाज आला,
'झालं का तुमचं दोघांचं?'