व्हॅन विकण्याआधी

उद्या गिऱ्हाईक येणार म्हणून
आज मी व्हॅन झाडतोय.
डुलुथमध्ये मे महिन्यातसुद्धा सरोवरावरून असा वारा येतो
की कान लाल होतात.
व्हॅक्यूमच्या नळीत सारखं काहीतरी तडतडतं :
काळे रबरी कण, मोहरीएवढे,
कृत्रिम हिरवळीवरून ब्रिटाच्या बुटांत शिरलेले,
बुटांतून गाडीत, गाडीतून आमच्या अंथरुणात,
एकदा तर आईच्या सूपमध्ये.

नऊ वर्षं.
मागची डावी सीट माझी.
यायचंय का, असं मला कुणी विचारलं नव्हतं,
सहा वर्षांच्या पोराला घरी एकटं ठेवत नाहीत, एवढंच.
फार्गो, डे मॉइन, कॅन्सस सिटी,
मला ही गावं त्यांच्या पार्किंगवरून ठाऊक.
पहाटे चारला निघायचं,
पुढे बाबा दबक्या आवाजात आकडे सांगायचे :
क्लबची फी, हॉटेलच्या दोन रात्री, पेट्रोल,
गोलकीपरच्या खास शिकवणीचे वेगळे.
मी झोपलोय असं त्यांना वाटे.
"एकदा स्कॉलरशिप लागली की सगळं वसूल," आई म्हणे.
दातांच्या दवाखान्यातली शनिवारची पाळी
तिने कुणाच्या तरी गळ्यात घातलेली असायची
आणि सोमवारी ती दोघींचं काम उपसायची.

सीटखाली सापडलं :
एक हातमोजा, तळव्याला भेगा पडलेला.
संत्र्याची फोड, वाळून चामडं झालेली.
कोचांना पाठवायच्या पत्राचा कच्चा खर्डा,
ब्रिटाचं नाव, अक्षर आईचं :
'माझी उंची पाच फूट दहा. गणिताची मला विशेष गोडी.'
गणिताची गोडी मला होती.
मैदानाकडेच्या खुर्चीत बसून मीच सोडवायचो
माझीही गणितं आणि तिचीही.

ते कोच यायचे आपापल्या कॉलेजच्या टोप्या घालून,
घडीच्या खुर्च्या मांडून बसायचे.
ते दिसले की आयांचे आवाज मऊ व्हायचे,
बापांची पोटं आत जायची.
कॅन्सस सिटीला तिघे आले होते, खास ब्रिटासाठी.
आणि त्या दिवशी आमची टीम अशी काही खेळली
की चेंडू ब्रिटाकडे फिरकेचना.
पाच-शून्य. ती गोलपोस्टपाशी उभी,
थंडीने एका पायावरून दुसऱ्या पायावर.
चाळिसाव्या मिनिटाला पहिली खुर्ची मिटली,
मग दुसरी.
आयुष्यात पहिल्यांदा मी देवाकडे मागितलं
की आपली माणसं हरू देत,
निदान एक तरी जोरदार फटका
माझ्या बहिणीच्या अंगावर येऊ दे.
आई टाळ्या वाजवत होती, सहाव्या गोलला,
रडवेली होऊन.

शेवटी फोन आला तो आयोवातल्या एका लहान कॉलेजचा.
फीचा पाव हिस्सा माफ.
रात्री स्वयंपाकघरात बाबा नऊ वर्षांची वही घेऊन बसले,
खाली बेरीज केली, पुन्हा केली.
कोहळा देऊन आवळा घेतला होता,
हे मला दारातूनही कळलं,
फक्त त्यांच्या मानेवरून.
त्यांनी वही खणात ठेवली, जुन्या बॅटऱ्यांच्या खाली,
आणि ब्रिटाला म्हणाले,
"आयोवात थंडी कमी असते."

उरलेल्या पाऊण हिश्श्यासाठी
आता ही व्हॅन.

उजव्या काचेवर एक तेलकट डाग आहे,
ब्रिटाच्या कपाळाच्या उंचीवर.
जिंकून असो, हरून असो,
ती तिथेच टेकून झोपायची, तोंड उघडं टाकून.
फडकं नेलं तिथपर्यंत.
जाऊ दे, म्हटलं. गिऱ्हाईक पुसेल.

त्याच्या दोन नंबरच्या मुलीला क्लबात घेतलंय म्हणे,
सात वर्षांची आहे.
काल फोनवर विचारत होता,
मागे खेळाच्या बॅगा मावतील ना?
मी म्हटलं, आरामात. चार मावतात.
आणि एक लहान भाऊ.